ज्या मैदानात तो हजारोंची गर्दी खेचायचा, तिथं आज त्याच्या नावाची एक गल्ली आहे

लंडनच्या पूर्वेला कस्टम हाऊस नावाचा भाग आहे. गुगल मॅप उघडा आणि झूम करत जा. साधी घरं, दारात उभ्या गाड्या, छोटे रस्ते. आता त्या रस्त्यांची नावं वाचा. विल्किन्सन रोड, यंग रोड, ॲटकिन्सन रोड आणि त्यातच एक हॉस्किन्स क्लोज.

ही नावं कुठल्या राजाची नाहीत, की सेनापतीची नाहीत. विल्किन्सन आणि यंग हे मोटरसायकल शर्यतीतले वर्ल्ड चॅम्पियन. ॲटकिन्सन त्याच टीमचा रायडर. आणि हॉस्किन्स? तो रायडर म्हणून गाजलेला नाही. तो शर्यती भरवायचा आणि लोकांना तिकीट काढून मैदानात आणायचा.

आज जिथं ही घरं आहेत, तिथं १९७२ पर्यंत वेस्ट हॅम स्टेडियम होतं. एकेकाळी या स्टेडियमच्या दाराशी हजारो लोकांच्या रांगा लागायच्या. खेळाचं नाव होतं स्पीडवे.

आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ.

अंडाकृती मातीचा ट्रॅक. त्यावर चार रायडर, चार फेऱ्या, आणि फक्त डावीकडे वळायचं. बाईक ५०० सीसीची, गिअर एकच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या बाईकला ब्रेक नसतो. वळणावर रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो, डावा पाय जमिनीला टेकवतो आणि बाईक तिरकी ठेवून वळण काढतो. त्या पायातल्या बुटाला खालून लोखंडी पत्रा असतो. जेमतेम एका मिनिटात शर्यत संपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य. एका संध्याकाळी अशा पंधरा-वीस शर्यती होतात.

म्हणजे खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात आणि कंटाळा यायला वेळच मिळत नाही. हे ज्याला सगळ्यात आधी नीट कळलं, त्याचं नाव जॉनी हॉस्किन्स.

जॉनीचा जन्म १८९२ चा. न्यूझीलंडमधल्या वायटारा या छोट्या गावातला. पुढे नशीब काढायला तो ऑस्ट्रेलियात गेला आणि न्यू साउथ वेल्समधल्या वेस्ट मेटलंड इथं शेतकी संस्थेचा सेक्रेटरी झाला. कृषी प्रदर्शन भरवायचं, जनावरांची बक्षिसं ठरवायची, हिशोब बघायचे, असं ते काम. संस्थेकडे प्रदर्शनाचं मैदान होतं, पण वर्षातले बरेचसे दिवस ते रिकामं पडून असायचं. त्यातून पैसा कसा काढायचा, हा सेक्रेटरीच्या डोक्याचा ताप.

तर झालं असं की, १५ डिसेंबर १९२३ रोजी त्या मैदानावर रात्रीच्या विजेच्या दिव्यांत एक जत्रा भरली. कार्यक्रमात बऱ्याच गोष्टी होत्या, त्यात मोटरसायकलच्या शर्यतीही ठेवल्या होत्या. दिव्यांचा उजेड, उडणारी माती, इंजिनांचा आवाज. लोक खूश झाले.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवणारा जॉनी पहिला नव्हता. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत अशा शर्यती त्याआधीही झाल्या होत्या. त्यामुळं स्पीडवेचा जन्म नेमका कुठं झाला यावर आजही वाद होतात. जॉनीचं खरं काम पुढचं आहे. एका रात्रीच्या गमतीचा त्यानं ठरलेल्या दिवशी, दिव्यांच्या उजेडात, तिकीट लावून होणारा खेळ बनवला. मेटलंडवरून तो न्यूकॅसलला गेला, तिथून सिडनीला, मग थेट दुसऱ्या टोकाला पर्थला. १९२८ साली तर ऑस्ट्रेलियन रायडर सोबत घेऊन बोटीनं इंग्लंडला निघाला.

इंग्लंडमध्ये तेव्हा या खेळाची लाट नुकतीच उठत होती. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीच इथं शर्यती झाल्या. अपेक्षा होती काही हजार लोकांची, पण गर्दी इतकी लोटली की आयोजकांना आवरेना. त्या वर्षात देशभर ट्रॅक उभे राहिले.

पण एवढ्या लवकर एवढे ट्रॅक आले कुठून?

इथंच या खेळाची खरी मेख आहे. त्याच काळात इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या शर्यतींचं वेड आलं होतं. ग्रेहाउंड कुत्र्यांसाठी मोठमोठी स्टेडियम बांधली जात होती. ट्रॅक अंडाकृती, बसायला जागा, रात्रीचे दिवे, सगळं तयार. कुत्रे आठवड्यातले काही दिवस धावायचे, उरलेल्या दिवसांत एखादी संध्याकाळ स्पीडवेला मिळायची. मालकाला भाडं मिळायचं आणि स्पीडवेला स्टेडियम बांधण्याचा खर्च वाचायचा.

सुरुवातीला हा व्यवहार दोघांनाही फायद्याचा होता. पण त्याचा सरळ अर्थ असा होता की स्पीडवे हा पहिल्या दिवसापासून भाडेकरू होता.

१९२९ मध्ये जॉनी वेम्बलीच्या टीमचा मॅनेजर झाला. वेम्बली म्हणजे तेच, फुटबॉलवाल्यांचं. पुढे तो वेस्ट हॅमला आला आणि तिथं त्याची खरी गाडी सुटली. सामन्याला फक्त शर्यत नको, तमाशा पाहिजे, हे त्याचं गणित. तो चित्रविचित्र टोप्या घालून मैदानात फिरायचा. त्याच्या टीमचा विजय झाला की रायडर त्याची टोपी हिसकावून पेटवून द्यायचे आणि प्रेक्षक टाळ्या पिटायचे. आठवडाभर गोदीत आणि कारखान्यात राबणाऱ्या लोकांना हा माणूस आपला वाटायचा. वेस्ट हॅमनं १९३७ ला लीग जिंकली. १९३८ ला त्यांचा ब्लूई विल्किन्सन वर्ल्ड चॅम्पियन झाला.

खेळ किती मोठा झाला होता बघा. १९३६ ला वेम्बलीवर पहिली वर्ल्ड फायनल झाली, तेव्हा ७० हजारांच्या वर लोक आले होते. मोटरसायकलच्या एकेका मिनिटाच्या शर्यती बघायला!

मग दुसरं महायुद्ध आलं आणि बहुतेक ट्रॅक बंद पडले. पण युद्ध संपताच गर्दी दुपटीनं परतली. लोकांच्या हातात थोडा पैसा होता, करमणुकीची साधनं कमी होती, टीव्ही घरोघरी पोचायचा होता. लीगचे तीन विभाग करावे लागले, इतक्या टीम झाल्या. जॉनी आता उत्तरेकडं होता. ब्रॅडफर्ड, न्यूकॅसल, मग ग्लासगोचं ॲशफील्ड. त्याचा मुलगा इयन हॉस्किन्सही याच धंद्यात उतरला होता.

जॉनीच्या या सगळ्या प्रवासात एक गोष्ट मात्र कायम होती. न्यूकॅसलला मैदान कुत्र्यांच्या शर्यतीचं, ॲशफील्डला फुटबॉल क्लबचं. गाव बदललं तरी जमीन दुसऱ्याचीच.

१९५० च्या दशकात वारं फिरलं.

पहिला फटका कराचा. तिकिटावर करमणूक कर होता. त्यात फुटबॉल आणि क्रिकेटला सवलत मिळायची, पण स्पीडवेला जास्त दर लागायचा. गर्दी भरपूर होती तोवर हे खपून गेलं. गर्दी ओसरली तेव्हा तोच कर गळ्याशी आला. दुसरा फटका टीव्हीचा. घरबसल्या करमणूक मिळायला लागली, तसा थंडीवाऱ्यात उभं राहणारा प्रेक्षक कमी झाला.

ॲशफील्ड १९५२ नंतर थांबलं. वेस्ट हॅमची टीम १९५५ नंतर बंद झाली. वेम्बलीचे मालक सर आर्थर एल्व्हिन हे स्पीडवेचे मोठे पाठीराखे होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये ते वारले आणि त्या मोसमापासून वेम्बलीची टीमही मैदानात उतरली नाही. देशातली सगळ्यात श्रीमंत टीम एका माणसाच्या जाण्यानं संपली. तीन विभागांची लीग आता एका विभागात मावायला लागली. १९५७ मध्येच खेळांवरचा करमणूक कर रद्द झाला, पण तोवर उशीर झाला होता.

जॉनी या पडत्या काळात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू टीमचा कारभार बघत होता. वय साठीच्या पुढं. इतर कुणी असता तर हिशोब मिटवून घरी बसला असता.

पण खेळ मेला नाही. १९६० च्या दशकात लहान गावांतून नव्या टीम उभ्या राहिल्या. १९६५ मध्ये १८ टीमची ब्रिटिश लीग सुरू झाली. पहिल्याच वर्षी ती कुणी जिंकली असेल? पुन्हा जिवंत झालेल्या वेस्ट हॅमनं.

म्हणजे खेळ परत चालायला लागला होता. अडचण आता वेगळीच होती.

जॉनीचा मुलगा इयन एडिनबराची टीम चालवायचा. ती मेडोबँकच्या मैदानावर खेळायची. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथं नवं स्टेडियम बांधायचं ठरलं आणि १९६७ नंतर स्पीडवेला बाहेर पडावं लागलं. टीम कोटब्रिज या गावी गेली, पण तिथं बस्तान बसलं नाही. शेवटी तिचं लायसन्स वेम्बलीला गेलं. १९७० ला वेम्बलीची टीम परत आली, पण दोनच मोसम टिकली, कारण स्टेडियमला फुटबॉलमधून तारखा काढता येईनात. आणि १९७२ च्या मे महिन्यात वेस्ट हॅम स्टेडियमवर शेवटची शर्यत झाली. जागा घरांसाठी गेली.

यामागचं गणित साधं होतं. १९६१ पासून इंग्लंडमध्ये सट्टा लावायची दुकानं कायदेशीर झाली. कुत्र्यांवर पैसे लावायला आता स्टेडियमवर जायची गरज उरली नाही, म्हणून कुत्र्यांच्या शर्यतींची गर्दी घटली. दुसरीकडं शहरातल्या जमिनीचे भाव वाढत गेले. स्टेडियम चालवण्यापेक्षा ते विकणं मालकाला परवडायला लागलं. घरमालकानं घर विकलं की भाडेकरूचं जे होतं, तेच स्पीडवेचं झालं. त्यात भर म्हणजे ट्रॅकभोवती वस्ती वाढली आणि इंजिनाच्या आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या.

हे सगळं डोळ्यांसमोर होत असताना जॉनीनं काय केलं? १९६८ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यानं नवी टीम सुरू केली. कँटरबरी क्रुसेडर्स. मैदान किंग्समीड, मालकी नगरपालिकेची. म्हातारा टोपी घालून पुन्हा मैदानात. कँटरबरीनं १९७० आणि १९७८ ला आपल्या विभागाची लीग जिंकली. या कामासाठी जॉनीला एमबीई हा सरकारी किताबही मिळाला.

मग आलं १९८७ साल.

एप्रिलमध्ये जॉनी गेला. वय पंच्याण्णवच्या घरात होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कँटरबरीचा ट्रॅक कायमचा बंद झाला. जागेचा करार पुढं वाढला नाही. आणि त्यापाठोपाठ मँचेस्टरचं हाइड रोड स्टेडियम गेलं, जिथं जॉनीनं कधीकाळी बेल व्ह्यूची टीम चालवली होती. ती जागा गाड्यांचा लिलाव करणाऱ्या कंपनीनं घेतली. बेल व्ह्यूची टीम वाचली, पण कुत्र्यांच्या स्टेडियमवर भाड्यानं जाऊन.

जॉनीनंतरही हेच चालू राहिलं. विम्बल्डन, कॉव्हेंट्री, पीटरबरा, वुल्व्हरहॅम्प्टन ही नावं एकामागून एक गळाली. २०२३ या एकाच वर्षात पीटरबरा आणि वुल्व्हरहॅम्प्टन दोन्हीकडचं स्पीडवे थांबलं. यातल्या प्रत्येक ठिकाणी चाहते होते, टीम होती, इतिहास होता. फक्त जमीन आपली नव्हती.

मग हा खेळ सगळीकडंच मेला का? तर नाही. पोलंडमध्ये आजही स्पीडवेला मोठी गर्दी असते. तिथली बरीच स्टेडियम नगरपालिकांची आहेत आणि शहरं आपल्या टीमला शहराची शान समजून सांभाळतात. टोरुनमध्ये तर २००९ ला खास स्पीडवेसाठी नवं स्टेडियम उभं राहिलं. इंग्लंडमधले चांगले रायडरही पैसे कमवायला पोलंडला जातात. खुद्द इंग्लंडमध्येही २०१६ ला मँचेस्टरला स्पीडवेसाठी स्वतंत्र स्टेडियम झालं, आणि २०२१ मध्ये ब्रिटननं सांघिक विजेतेपद मिळवलं ते त्याच ट्रॅकवर.

म्हणजे खेळाला हक्काची जागा मिळाली तर तो जगतो, हे दिसलंय. जॉनीच्या आयुष्यात मात्र ती वेळ आली नाही. मेटलंडच्या प्रदर्शनाच्या मैदानापासून कँटरबरीपर्यंत, ६० हून जास्त वर्षं तो दुसऱ्याच्या जागेवर गर्दी गोळा करत राहिला.

आता परत त्या मॅपवर या. इंग्लंडमध्ये क्लोज म्हणतात ते पुढं रस्ता नसलेल्या गल्लीला. वेस्ट हॅम स्टेडियमच्या जागेवर हॉस्किन्सच्या नावानं अशीच एक गल्ली आहे. आज तिथं लोक राहतात, गाड्या लावतात, सकाळी कामाला जातात. त्यांच्या घराखाली कधीकाळी एक ट्रॅक होता.