बाजाराची नाडी पाहणारा वार्ताहर

शेअर बाजाराचे नाव काढले की मराठी घरात अजूनही दोन तट पडतात. वडील मुदतठेवीची पावती कपाटात जपून ठेवतात आणि मुलगा मोबाइलवर लाल-हिरवे आलेख न्याहाळत बसतो. हे आलेख उद्याचा भाव खरोखरच सांगतात का, ही शंका घरातल्या सगळ्यांनाच असते. आलेखांच्या फंदात पडू नका, सरळ निर्देशांकाचा ईटीएफ घ्या, असा सल्ला कोणी दिला तर त्याविषयीही तितकीच शंका असते. गंमत अशी की, आलेख आणि निर्देशांक या दोन्ही गोष्टींचा माग काढत गेले तर आपण एकाच माणसाच्या दाराशी येऊन पोचतो. तो ना दलाल घराण्यातला होता, ना गणिती. तो होता एक साधा वार्ताहर, चार्ल्स हेन्री डाऊ. बातम्यांत रोज ज्याची चढउतार आपण ऐकतो, त्या ‘डाऊ जोन्स’मधला डाऊ तो हाच.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या स्टर्लिंग या गावी ६ नोव्हेंबर १८५१ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारले. शिक्षण जेमतेम झाले. मिळेल ते काम करत करत विशीतच तो स्प्रिंगफील्डच्या एका दैनिकात शिरला आणि तिथे बातमी लिहायला शिकला. पुढे प्रॉव्हिडन्स शहरात काम करताना १८७९ साली त्याला कोलोरॅडोमधल्या लेडव्हिल या चांदीच्या गावी पाठवण्यात आले. न्यूयॉर्कची धनिक मंडळी खाणी पाहायला निघाली होती, त्यांच्यासोबत हा. खाणी, तिथले जुगाराचे अड्डे, रातोरात श्रीमंत झालेले लोक, हे सारे त्याने आपल्या वार्तापत्रांतून लिहून पाठवले. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे पाहण्याची गोडी त्याला लागली. वर्षभरात त्याने न्यूयॉर्क गाठले.

त्या काळचा वॉल स्ट्रीट म्हणजे अफवांचे आगर होते. कंपन्यांवर हिशेब जाहीर करण्याची सक्ती नव्हती. मोठे भांडवलदार हव्या त्या वावड्या उठवत, भाव चढवत आणि आपला माल लोकांच्या गळ्यात मारून मोकळे होत. नोव्हेंबर १८८२ मध्ये डाऊने एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर या दोन सहकाऱ्यांना घेऊन १५, वॉल स्ट्रीट या इमारतीच्या तळघरात ‘डाऊ, जोन्स अँड कंपनी’ थाटली. हाताने लिहिलेल्या बातम्यांच्या प्रती दिवसभर निघत आणि पोरे त्या धावत जाऊन पेढ्यापेढ्यांवर पोचवत. पुढच्याच वर्षी दोन पानी सायंपत्र सुरू झाले. ८ जुलै १८८९ रोजी त्याचेच ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ झाले. चार पाने, किंमत दोन सेंट.

सहा फुटांहून उंच, दाढीधारी, हळू बोलणाऱ्या डाऊला एक प्रश्न छळत असे. आज अमुक शेअर चढला, तमुक पडला, हे कळते. पण एकंदर बाजार कसा आहे? ३ जुलै १८८४ रोजी त्याने ११ कंपन्यांच्या भावांची सरासरी छापली. त्यांतल्या नऊ रेल्वे कंपन्या होत्या. २६ मे १८९६ रोजी बारा औद्योगिक कंपन्यांची सरासरी प्रसिद्ध झाली. बारांचे भाव मिळवायचे आणि बाराने भागायचे, एवढेच गणित. आकडा आला ४०.९४. या पद्धतीत ज्याचा भाव जास्त त्याचे वजन जास्त, हा दोष होता आणि तो आजही आहे. पण सामान्य वाचकाला प्रथमच एका आकड्यात बाजाराची नाडी पाहता येऊ लागली.

शेवटच्या तीन-चार वर्षांत त्याने अग्रलेखांतून आपले विचार मांडले. समुद्राची भरती किती आली ते वाळूत काठी रोवून कळते, तशी सरासरीने बाजाराची दिशा कळते, असे त्याचे म्हणणे. मोठा प्रवाह, मधल्या लाटा आणि रोजच्या बारीक लहरी, असे तीन भाग त्याने पाडले. रोजच्या लहरींना फार महत्त्व देऊ नये, भांडवलाच्या मानाने मोठे व्यवहार करू नयेत आणि अखेर शेअरचे खरे मूल्य पाहावे, हे तो बजावत राहिला. ४ डिसेंबर १९०२ रोजी ब्रुकलिनमध्ये, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी तो गेला. ‘डाऊ सिद्धान्त’ या नावाचे पुस्तक त्याने कधीच लिहिले नाही. ते नाव इतरांनी दिले.

त्या इतरांत प्रमुख होता विल्यम हॅमिल्टन. जर्नलच्या अग्रलेखांतून डाऊच्या पद्धतीने तो वर्षानुवर्षे तेजी-मंदीचे अंदाज वर्तवी. १९३३ साली आल्फ्रेड काउल्स या अभ्यासकाने त्याचे सव्वीस वर्षांचे अंदाज तपासले. नव्वद वेळा हॅमिल्टनने मत बदलले होते. त्यांतले पंचेचाळीस अंदाज बरोबर आले, पंचेचाळीस चुकले. त्याच्या सल्ल्याने वागणाऱ्याला वर्षाला सुमारे १२ टक्के मिळाले असते. नुसते शेअर घेऊन स्वस्थ बसणाऱ्याला साडेपंधरा. १९९८ साली तीन अभ्यासकांनी हेच अंदाज पुन्हा तपासले. हॅमिल्टनच्या वाटेने जोखीम कमी घ्यावी लागली असती, ती जमेस धरता तो इतका वाईट ठरत नाही, असे त्यांना दिसले. म्हणजे आलेख अगदीच निरुपयोगी नाहीत. पण ते भविष्यवेत्तेही नाहीत.

डाऊच्या सरासरीचा दुसरा वंश वेगळ्याच दिशेने वाढला. बाजाराला हरवणे कठीण, तर बाजारच विकत घ्यावा, या विचाराने १९७६ मध्ये अमेरिकेत सामान्यांसाठी निर्देशांक फंड निघाला. १९९३ मध्ये तिथे शेअरसारखा बाजारात विकता-घेता येणारा फंड, म्हणजे ईटीएफ आला, आणि १९९८ मध्ये डाऊच्या सरासरीवरही असा फंड निघाला. आपल्याकडे निफ्टीवरचा पहिला ईटीएफ २००१-०२ च्या सुमारास आला. यात खर्च कमी आणि एखादी कंपनी बुडाली तरी सारे बुडत नाही. पण बाजार पडला की हाही पडतो. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांखाली आला, तेव्हा निर्देशांकाचा कोणताही फंड त्यातून सुटला नसता. शिवाय ज्या ईटीएफमध्ये उलाढाल थोडी, त्यात विकताना योग्य भाव मिळेलच असे नाही.

खुद्द डाऊच्या आकड्याचीच कथा पाहा. सप्टेंबर १९२९ मध्ये तो ३८१ वर पोचला होता. ८ जुलै १९३२ रोजी तो ४१.२२ वर आला. छत्तीस वर्षांत कंपन्या बदलल्या, त्यांची संख्या बारावरून तीसवर गेली, तरी आकडा जवळजवळ जन्मदिवशी होता तिथेच. मधल्या काळात लाभांश मिळाला हे खरे, पण १९२९ ची उंची पुन्हा गाठायला १९५४ उजाडले. पाच वर्षांनी मुलीचे लग्न असलेल्या बापाने हे लक्षात ठेवावे.

आणि आलेख पाहणाऱ्या मुलाने दुसरा आकडा लक्षात ठेवावा. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला, असे ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. ते सारेच आलेख पाहून व्यवहार करत होते असे नाही. पण रोजच्या लहरींवर पोट भरू पाहणाऱ्यांची गत काय होते, ते यातून दिसते.

वैद्य नाडी पाहतो तेव्हा रोग्याला ताप आहे की नाही ते सांगतो. पुढच्या मंगळवारी काय होईल ते सांगत नाही. डाऊने तेवढेच केले. म्हणून आलेख पाहायचे ते बाजाराची तब्येत कळावी म्हणून. निर्देशांकाचा फंड घ्यायचा तो दहा-पंधरा वर्षे न लागणाऱ्या पैशातून, दर महिन्याला थोडा थोडा. आणि घरखर्चाचा, औषधपाण्याचा, शिक्षणाचा पैसा वडिलांच्या कपाटातल्या पावतीतच राहू द्यावा. घरातले दोन्ही तट एवढ्यावर एकत्र यायला हरकत नसावी.