पाहायला शिकविणारे गुरू : लुई आगासिझ

हार्वर्ड विद्यापीठात कीटकांच्या अभ्यासाची मनीषा धरून आलेल्या सॅम्युएल स्कडर या तरुणापुढे प्राध्यापकांनी मद्यार्कात जतन केलेला एक मासा ठेवला आणि तो नीट पाहावयास सांगून ते निघून गेले. भिंगदेखील वापरावयाचे नव्हते. दहा मिनिटांत सारे पाहून झाले, असे स्कडर यांना वाटले. कंटाळून त्यांनी माशाचे चित्र काढावयास घेतले, तेव्हा कोठे न दिसलेले दिसू लागले. तीन दिवस तोच मासा! शरीराच्या दोन्ही बाजू सारख्या असून अवयव जोडीजोडीने आहेत, हे त्यांचे त्यांनाच उमगले. मग त्याच गटातील दुसरा मासा समोर आला. साम्य आणि भेद शोधता शोधता वर्गीकरण म्हणजे काय, ते कळत गेले.

हे प्राध्यापक म्हणजे लुई आगासिझ. स्वित्झर्लंडमधील मोतिए या गावी २८ मे १८०७ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पॅरिसला क्यूव्हिए यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. न्यूशातेल येथे अध्यापन करीत असताना त्यांनी जीवाश्म माशांवरील महाग्रंथ सिद्ध केला व खवल्यांच्या रचनेवरून माशांचे चार गण पाडले. १८३७ मध्ये त्यांनी हिमयुगाची कल्पना विद्वानांपुढे मांडली. १८४६ मध्ये ते अमेरिकेस गेले. पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १८५९ मध्ये तेथे त्यांनी तुलनात्मक प्राणिशास्त्राचे संग्रहालय उभारले.

त्याच वर्षी डार्विन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक जाती ही ईश्वराची स्वतंत्र योजना होय, ही आगासिझ यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही. मानववंश मुळातच निरनिराळे आहेत, या त्यांच्या मताचा आधार तर गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला. इतरांना डोळे देणाऱ्या या गुरूची स्वतःची दृष्टी येथे अडली, हे नमूद केलेच पाहिजे. मात्र त्यांच्या बहुतेक शिष्यांनी उत्क्रांतिवाद स्वीकारला. त्यांपैकी एडवर्ड मोर्स यांनी १८७७ पासून तोकिओत तो शिकविला. गुरूचे मत नव्हे, तर गुरूची रीत त्यांनी पुढे नेली.

१८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीज बेटावर आगासिझ यांनी शिक्षक-शिक्षिकांसाठी सागरकिनारी प्राणिशास्त्राची शाळा भरविली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. आर नदीच्या हिमनदीवरून आणलेली एक शिळा केंब्रिजजवळील त्यांच्या समाधीवर उभी आहे.