डॉ. रूपाबाई फर्दुनजी

बावधनला जनावरांचे डॉक्टर एखाद्या कुत्र्याला भूल देतात, तेव्हा त्याचा श्वास आणि हृदयाचे ठोके, दोन्हींवर लक्ष ठेवतात. हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही.

आपला मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८५ साली रूपाबाई या पारशी मुलीने मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८८९ मध्ये त्या ‘हकीम’ झाल्या. त्यांचे गुरू डॉ. एडवर्ड लॉरी यांनी निजामांच्या आर्थिक साहाय्याने कुत्री, माकडे इत्यादी प्राण्यांवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग केले. श्वास सांभाळला की हृदयाला धोका नाही, असे त्यांचे मत पडले. परंतु १९११ साली डॉ. लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते. थोर गुरूंचेही मत तपासावे लागते!

रूपाबाई रुग्णांना भूल देत. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तरीही १९०९ मध्ये, वीस वर्षांच्या अनुभवानंतर, त्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोला गेल्या.

पालकहो, पदवी मिळाली म्हणून शिक्षण संपत नाही. मग मुलीचे शिक्षण आपण सातवीतच का थांबवावे?