दगडातली गोगलगाय

मुलांनो, आपल्या अकोला-अमरावतीकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात कितीतरी गावांच्या विहिरींचे पाणी खारट लागते. या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. लहानपणी मला वाटे, येथे पूर्वी समुद्रच असला पाहिजे! पण नुसत्या पाण्याच्या चवीवरून असे ठरवता येत नाही. पुरावा दगडात शोधावा लागतो. आपल्या शेजारच्या नागपुरात असा पुरावा शोधणाऱ्या माणसाचे नाव स्टीफन हिस्लॉप.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. मिशनरी म्हणून ते १८४५ साली नागपूरला आले. ते मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी शाळा काढली. कामासाठी गावोगाव फिरताना ते वाटेवरचे दगडही निरखून पाहत.

नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गोगलगाईंचे शंख सापडले. शंख दगड झाले होते. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात. फळे, बिया, भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचेही तेथे मिळाली. पण नवल पुढेच आहे. हे सारे ज्या काळ्या दगडाच्या थरांमध्ये होते, तो दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. आपली काळी जमीन याच दगडाची झीज होऊन बनली आहे. मग लाव्ह्यात गोगलगाय आली कशी?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे पुन्हा पुन्हा लाव्हा वाहिला. एक थर थंड झाला, की त्यावर पाणी साचे, तळे होई. तळ्यात गोगलगाई राहत, काठावर झाडे वाढत. पुढे कधीतरी नवा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकी. या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या होत्या. म्हणजे तेथे समुद्र नव्हता, तळी होती! एका लहानशा शंखाने केवढी गोष्ट सांगितली!

मांगली गावच्या दगडात मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी हिस्लॉप यांनी लंडनला पाठवली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली त्या प्राण्याला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेले होते. बरोबरचे लोक पुढे बोरीला गेले. हिस्लॉप मात्र तेथील शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. परतताना अंधार पडला आणि वाटेतला ओढा पुराने भरला होता. बोरीच्या मुक्कामावर त्यांचा घोडा आला, पण त्यावर स्वार नव्हता. शोध घेतला, तेव्हा पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. त्यांना ४६ वे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.