भित्रा सिंह

न्यूयॉर्कमध्ये २०१४ सालच्या नोव्हेंबरात एका लिलावात एक जुना पोशाख विकला गेला. किंमत आली तीस लाख डॉलरहून थोडी अधिक. पोशाख सिंहाचा होता, तोही खऱ्याखुऱ्या सिंहाच्या कातड्याचा. १९३९ साली पडद्यावर आलेल्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातला. ज्युडी गारलँडची डोरोथी, मेंदू मागणारे बुजगावणे, हृदय मागणारा पत्र्याचा माणूस आणि त्यांच्या मागोमाग शेपटीने डोळे पुसत निघालेला, धैर्य मागणारा भित्रा सिंह. ज्यांनी तो चित्रपट लहानपणी पाहिला, ते बाकी सगळे विसरले तरी हा रडका सिंह विसरत नाहीत.

त्या कातड्यात घाम गाळणाऱ्या माणसाचे नाव बर्ट लार. रंगीत चित्रीकरणासाठी त्या काळी दिव्यांचा असा काही मारा करावा लागे, की सेटवरचा पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर जाई. त्यात ते जड कातडे. चेहऱ्यावर चिकटवलेली सिंहाची मुद्रा चावताना निसटेल म्हणून दुपारचे जेवण म्हणजे नळीने ओढायचे पातळ पदार्थ. एवढे सोसून त्याने जो सिंह उभा केला, तो सोंग वाटत नाही. याचे कारण साधे आहे. बर्ट लार हा खरोखरच जन्मभर घाबरलेला माणूस होता.

१३ ऑगस्ट १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या यॉर्कव्हिल भागात, जर्मन ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. मूळ नाव आयर्विंग लारहाइम. वडील खुर्च्या-कोचांना गाद्या नि कापड चढवण्याचे काम करीत. घरात पैसा बेताचा, बोलणे त्याहून बेताचे. शाळेशी आयर्विंगचे कधी जमले नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो पोरासोरांच्या एका नाटुकल्या कंपनीत शिरला आणि तिथून व्हॉडव्हिल, मग बर्लेस्क, असा गावोगाव हिंडू लागला.

बर्लेस्क म्हटले की पुढच्या काळातील वस्त्रे उतरवण्याचे प्रयोग आठवतात. पण लार शिकला ते बर्लेस्क प्रामुख्याने विनोदवीरांचे होते. एकाच मोसमात शेकडो प्रयोग, दर मुक्कामाला नवा प्रेक्षक आणि हसला नाही तर तोंडावर सांगणारा प्रेक्षक. तिथल्या मुख्य विनोदी नटाला ‘टॉप बनाना’ म्हणत. पहिले केळे! नाव गमतीचे असले तरी मान मोठा होता. बाकीच्यांनी त्याच्यासाठी वाक्ये उचलून द्यायची आणि हशा त्याने घ्यायचा, असा तो रिवाज. हा रिवाज लारच्या हाडामासात भिनला. पुढे एका गाजलेल्या नाटकाच्या तालमीत तो कसा आडवा आला, ते येईलच.

याच काळात मर्सिडीज डेल्पिनो ही देखणी नर्तकी त्याच्या आयुष्यात आली. दोघांचा व्हॉडव्हिलमधला एक प्रवेश खूप चालला. ती नाचणारी, आणि तिला पकडायला आलेला, मोडक्यातोडक्या जर्मन उच्चारांत इंग्रजी बोलणारा पोलीस म्हणजे लार. रंगमंचावरची ही जोडी नवरा-बायको झाली, मुलगा झाला. आणि नेमका लारचा भाग्योदय होत असताना मर्सिडीजचे मन ढासळू लागले. १९३० च्या सुमारास तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. ती त्या आजारातून कधी पूर्ण बाहेर आली नाही. रात्री हजारभर माणसांना हसवून हा माणूस कुठल्या घरी परत जात असेल, याची कल्पना करवत नाही. कामापुढे आपण तिच्याकडे पाहिले नाही ही बोच त्याला अखेरपर्यंत होती. पुढे दशकभराने, १९४० मध्ये, मिल्ड्रेड श्रोडर हिच्याशी त्याचे दुसरे लग्न झाले. जॉन आणि जेन ही त्या संसारातली मुले.

भाग्योदय झाला तो १९२८ च्या ‘होल्ड एव्हरीथिंग’ या संगीतिकेने. त्यात तो ठोसे खाऊन खाऊन डोके भणभणलेला मुष्टियोद्धा होता. नाटकाचे चारशेहून अधिक प्रयोग झाले. लारचे वाकडे तोंड, एकमेकांकडे सरकणारे डोळे आणि संकटात सापडले की घशातून निघणारा ‘न्याँग न्याँग’ असा बेंबाटणारा आवाज साऱ्या न्यूयॉर्कला पाठ झाला. मग १९३० मध्ये ‘फ्लाइंग हाय’. त्यात विमान उतरवायचे कसे हे न कळल्यामुळे आकाशातच राहून विक्रम करणारा वैमानिक. या नाटकातला वैद्यकीय तपासणीचा प्रवेश विशेष गाजला. त्यात डॉक्टरांनी तपासणीसाठी दिलेल्या पेल्यात लार खिशातल्या बाटलीतली व्हिस्की ओततो. यापलीकडे रविवारच्या पुरवणीत न सांगितलेले बरे.

पण सुख त्याला मानवत नसे. ‘होल्ड एव्हरीथिंग’चा चित्रपट निघाला, तेव्हा ती भूमिका जो ई. ब्राउनला मिळाली. ब्राउनने आपल्या लकबी जशाच्या तशा उचलल्या, असा जाहीर आरोप लारने नाट्यव्यवसायाच्या साप्ताहिकातून केला. लोकांना हा कांगावा वाटला असेल. मला मात्र वाटत नाही. गवयाकडे गाणी असतात, लेखकाकडे पुस्तके. विनोदी नटाकडे तोंड, आवाज आणि ते नेमके कधी वापरायचे याची जाण, एवढीच काय ती इस्टेट. तीच कोणी नेली, तर उरते काय? १९३९ च्या ‘डुबॅरी वॉज अ लेडी’ या संगीतिकेत लारने एथेल मर्मनबरोबर धमाल उडवली होती. त्यात तो प्रसाधनगृहातला नोकर होता आणि झोपेत फ्रान्सचा राजा पंधरावा लुई होत असे. चित्रपट झाला तेव्हा तीही भूमिका रेड स्केल्टनकडे गेली.

मग हॉलिवुडने त्याला दिले काय? एक सिंह. ‘ऑझ’ची गाणी करणारे हॅरल्ड आर्लेन आणि यिप हारबर्ग हे लारचे रंगभूमीवरचे जुने सोबती. त्याच्या आवाजातील खोटा दिमाख आणि खरी घाबरगुंडी दोघांना पुरती ठाऊक. त्या सिंहाची गाणी लारच्या गळ्याचे माप घेऊन शिवलेली आहेत. जंगलाचा राजा झालो तर काय काय करीन, हे गाताना तो भारदस्त गायकासारखे स्वर लावतो आणि पुढच्याच क्षणी दचकतो. चित्रपट आज अजरामर मानला जातो. पण तेव्हा खर्चाच्या मानाने कमाई जेमतेम झाली, आणि लारला कंपनीने पुढे मोठे काम दिले नाही. सिंहांच्या भूमिका हॉलिवुडमध्ये असतात तरी किती, असे तो कडवटपणे म्हणत असे.

आता १९५६ साल. लारच्या आयुष्यातले हे वर्ष मला सगळ्यांत विलक्षण वाटते.

सॅम्युएल बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक पॅरिस आणि लंडनमध्ये होऊन गेले होते. अमेरिकेतला पहिला प्रयोग ठरला ३ जानेवारी १९५६ रोजी, मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह नाट्यगृहात. दोन भटके एका झाडाखाली कुणा गोदोची वाट पाहतात आणि गोदो येत नाही, एवढेच ज्यात घडते, त्या नाटकाची जाहिरात तिथे खदखदून हसवणारे नाटक म्हणून केली गेली! लार एस्ट्रागॉन, टॉम एवेल व्लादिमिर, दिग्दर्शक ॲलन श्नायडर. हिवाळ्याच्या सुटीत ऊन खायला आलेले श्रीमंत प्रेक्षक, नवे नाट्यगृह, ठेवणीतले कपडे. मध्यंतरापर्यंत लोक उठून जाऊ लागले.

तालमींतही सुख नव्हते. श्नायडरच्या मते नाटकाचा कणा होता व्लादिमिर. लारच्या मते पहिले केळे तोच होता! हशा आपला आणि वाक्य उचलून देणारा समोरचा, हे त्याला चाळीसेक वर्षांच्या अनुभवाने शिकवले होते. नाटकाचा अर्थ आपल्याला नीट लागत नाही, हे तो मोकळेपणी कबूल करी. पण बूट चावतोय, पोटात भूक आहे, झोप येते आहे, सोबती सोडून जाईल की काय ही धास्ती आहे, हे समजायला त्याला तत्त्वज्ञानाची गरज नव्हती.

मायामीतल्या फजितीनंतर दुसरा कोणीही अंग काढून घेता. भित्र्या म्हणून ओळखला जाणारा लार मात्र हटला नाही. १९ एप्रिल १९५६ रोजी ब्रॉडवेच्या जॉन गोल्डन नाट्यगृहात हर्बर्ट बर्गॉफच्या दिग्दर्शनाखाली नाटक पुन्हा उभे राहिले. एवेलच्या जागी ई. जी. मार्शल आला. निर्माता मायकल मायरबर्ग यंदा शहाणा झाला होता. त्याने जाहिरात दिली ती सत्तर हजार विचारी प्रेक्षक हवेत अशी. प्रयोग साठाच्या आसपास झाले. ज्यांना नाटक कळले आणि ज्यांना कळले नाही, त्या दोघांनीही लारला दाद दिली. प्रयोगानंतर लोक थांबून चर्चा करीत. आयुष्यभर ज्याला शाळा अर्धवट सोडल्याचा संकोच होता, त्याच्या कामावर आता विद्वान लेख लिहू लागले.

आणि त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘ऑझ’ पहिल्यांदा दाखवला गेला. प्रास्ताविकाला खुद्द लार आणि त्याच्याबरोबर ज्युडी गारलँडची दहा वर्षांची मुलगी लायझा मिनेली. सतरा वर्षे विस्मरणात पडलेला सिंह एका रात्रीत घराघरांत शिरला आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिला.

नंतरची वर्षे चढउतारांची गेली. १९६० मध्ये शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला बॉटम त्याने केला, आणि तो त्या भूमिकेसाठी जन्मला होता असेच पाहणाऱ्यांना वाटले. ‘द ब्यूटी पार्ट’ हे पेरेलमनचे नाटक १९६२ अखेरीस न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांच्या संपात सापडले; परीक्षणे छापायला वर्तमानपत्रेच नव्हती. ‘फॉक्सी’ ही संगीतिका आधी कॅनडाच्या उत्तर टोकाला, डॉसन सिटी या सोनेशोध्यांच्या जुन्या गावात झाली. १९६४ मध्ये ब्रॉडवेवर आली, अवघे बहात्तर प्रयोग झाले आणि तिच्यासाठी लारला टोनी पुरस्कार मिळाला.

आवाजाची जुनी लढाई चालूच होती. घरसफाईच्या एका द्रावणाच्या जाहिरातीत व्यंगचित्रातले बदक हुबेहूब लारच्या आवाजात बोलू लागले, तेव्हा तो कोर्टात गेला. खालच्या कोर्टाने दावा फेटाळला. पण १९६२ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने तो चालण्याजोगा आहे असा निर्णय दिला. माणसाच्या आवाजावर त्याचा हक्क काय, या प्रश्नाची चर्चा निघाली की अमेरिकेतल्या कायद्याच्या पुस्तकांत हे बदक अजून डोकावते. स्नॅगलपस या कार्टूनमधल्या सिंहाची कथा तशीच. त्याच्या जाहिरातीत आवाज देणाऱ्या नटाचे नाव झळकवावे लागले ते लारच्या तक्रारीमुळे. गंमत अशी, की पुढे लार स्वतःच बटाट्याच्या वेफर्सच्या जाहिरातींत आला, आणि रस्त्यातली पोरे त्याला ‘गोदो’मुळे नव्हे, वेफर्समुळे ओळखू लागली.

घरी तो कसा होता? मुलगा जॉन लार पुढे नामवंत नाट्यसमीक्षक झाला आणि त्याने १९६९ मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले. त्यात दिसतो तो झगा घालून आपल्या खोलीत बसणारा, अबोल, सतत काळजीत असलेला माणूस. आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे, ही भीती त्याला नेहमीच असे. मुलांना वडील खऱ्या अर्थाने भेटत ते विंगेतून पाहताना, दिव्यांच्या उजेडात. पोराने बापावर एवढे मोठे पुस्तक लिहावे, यात कौतुक आहेच. पण बोलायचे राहून गेल्याची रुखरुखही मला त्यात दिसते. पुस्तक छापून आले तेव्हा ते वाचायला बाप नव्हता.

१९६७ मध्ये विल्यम फ्रिडकिन ‘द नाइट दे रेडेड मिन्स्कीज’ हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये करीत होता. कथा १९२५ मधल्या बर्लेस्क थिएटरची, आणि लारची भूमिका बर्लेस्कमधून निवृत्त झालेल्या विनोदवीराची. नोव्हेंबरात चित्रीकरण अर्धवट सोडून तो रुग्णालयात दाखल झाला. ज्याला जन्मभर नसलेल्या आजारांची भीती वाटली, त्याला खराखुरा कर्करोग झाला होता, आणि ते त्याला सांगितले गेले नव्हते. ४ डिसेंबरला, बहात्तराव्या वर्षी, तो गेला.

चित्रपट थांबला नाही. त्याची चाचणीसाठी घेतलेली दृश्ये वापरली, उरलेल्या प्रसंगांत जोई फे हा बर्लेस्कमधला जुना नट त्याच्या जागी उभा केला. आणि जिथे लारचा आवाज हवा होता, तिथे एका नकलाकाराला बोलावून तो काढून घेतला.