बिगल्सचे जनक : विल्यम अर्ल जॉन्स

इंग्रजी वाचू लागलेल्या मुलांच्या हाती एके काळी बिगल्स ह्या वैमानिकाच्या साहसकथा हमखास पडत. शत्रूच्या विमानांशी आकाशात झुंजणारा हा वीर ज्यांच्या लेखणीतून उतरला, ते विल्यम अर्ल जॉन्स स्वतः मात्र झुंजीच्या विमानाचे वैमानिक नव्हते, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

जॉन्स ह्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८९३ रोजी इंग्लंडात हर्टफर्डजवळील बेंजिओ येथे एका शिंप्याच्या घरी झाला. शाळा सुटल्यावर मोजणीच्या कामाची उमेदवारी करून १९१२ साली त्यांनी स्वाफम गावी आरोग्य-निरीक्षकाची नोकरी धरली. गटारे तपासण्यातच त्यांचे आयुष्य जावयाचे. परंतु १९१४ साली महायुद्ध पेटले. गॅलिपोली व सालोनिका येथे लढून, हिवतापाने अंथरूण धरून, अखेर सप्टेंबर १९१७ मध्ये ते विमानदलात आले. विमानविद्या शिकविण्याचे काम करीत असता इंजिने बंद पडून तीन दिवसांत तीन विमाने त्यांच्या हातून मोडली म्हणतात!

१९१८ च्या उन्हाळ्यात ते फ्रान्समधील ५५ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. तेथील डी. एच. ४ ही विमाने जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या बाँब टाकीत. पुढे वैमानिक, मागे मशीनगन घेऊन बसलेला निरीक्षक, आणि दोघांच्या मध्ये पेट्रोलची टाकी! ब्रिटिश वैमानिकांस त्या काळी पॅराशूट दिले जात नसे. १६ सप्टेंबर रोजी मानहाइमवरील स्वारीत जॉन्स ह्यांचे विमान तोफेच्या माऱ्याने जायबंदी होऊन सोबत्यांपासून मागे पडले व फॉकर विमानांनी त्यास गाठले. विमान कोसळले. जॉन्स जखमी होऊन जर्मनांचे कैदी झाले. पाठीमागे बसलेला त्यांचा तरुण सहकारी मात्र मृत्युमुखी पडला. युद्ध संपावयास तेव्हा आठच आठवडे उरले होते.

युद्धानंतर ते विमानदलातच राहिले. लंडनच्या भरतीकचेरीत असता १९२२ साली खोटे नाव सांगणाऱ्या एका उमेदवारास त्यांनी परत पाठविले. वरून हुकूम आला तेव्हा त्यास घेणे भाग पडले. तो उमेदवार म्हणजे अरबस्तानातील पराक्रमाने गाजलेले कर्नल लॉरेन्स.

१९३२ साली ‘पॉप्युलर फ्लाइंग’ ह्या मासिकाचे संपादक झाल्यावर त्यांनी बिगल्सची पहिली गोष्ट लिहिली. तो बिगल्स हसतमुख विजयी वीर नव्हे. कोवळ्या वयाचा, फिकट चेहऱ्याचा, ज्याचे हात क्षणभर स्वस्थ राहत नाहीत, असा तो मुलगा आहे. सोबत्यांची मरणे पाहून तो खचतो, दारूही पितो. मुलांच्या पुस्तकात हे कशास, असे पालकांस वाटणे साहजिक आहे. पुढे एका गोष्टीतील व्हिस्कीची पेटी नव्या आवृत्तीत लेमोनेडची झाली! मला स्वतःला जुनी आवृत्तीच खरी वाटते; मानहाइमहून जो परतला त्याने ती लिहिली होती.

सरकारच्या युद्धतयारीतील ढिलाईवर सडेतोड टीका केल्यामुळे १९३९ साली त्यांचे संपादकपद गेले. लेखणी मात्र थांबली नाही. दुसऱ्या महायुद्धात स्त्रियांनी विमानदलात यावे म्हणून त्यांनी वॉरल्स नावाची नायिका निर्मिली. बिगल्सची पुस्तके तर शंभराच्या घरात गेली. २१ जून १९६८ रोजी जॉन्स निवर्तले, तेव्हा बिगल्सची एक कथा टेबलावर अर्धीच लिहून राहिली होती.