आवाज पकडणारे दामलेमामा

सन २००० नंतरच्या दशकात होम थिएटर शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. परभणी जिल्ह्यातील पूर्णा जंक्शनसारख्या ठिकाणीही डिस्क प्लेअर आणि सहा स्पीकरांचा संच दिवाणखान्यात मांडण्याची हौस रुजली. त्याच सुमारास प्रभात फिल्म कंपनीचे जुने चित्रपट व्हीसीडी आणि डीव्हीडीवर उपलब्ध झाले. संत तुकाराम लावला, की नव्या संचाचा मालक मात्र गोंधळून जाई. मागचे स्पीकर गप्प, सबवूफर निश्चल आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. दोष यंत्रात, डिस्कमध्ये की चित्रपटात, हे त्याला उमगत नसे. या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात दडलेले आहे. तो माणूस म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले.

दामले यांचा जन्म १८९२ मध्ये पेण येथे झाला. चित्रकला आणि यंत्रे या दोन्हींची ओढ असलेला हा तरुण कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली नाटकांचे पडदे रंगवू लागला. स्वतःचा कॅमेरा बनवून चित्रपट काढायचा, हे पेंटर बंधूंचे स्वप्न होते. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले आणि ते स्वप्न अर्धवट राहिले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे ते उघडून, समजून घेऊन पुन्हा घडवण्याची जी सवय दामले यांना येथे जडली, ती अखेरपर्यंत टिकली. महाराष्ट्र फिल्म कंपनीतच त्यांची कागलच्या शेख फत्तेलाल यांच्याशी जोडी जमली. दोघांनी १९२८ मध्ये कर्णाच्या जीवनावरील मूकपट दिग्दर्शित केला. पुढे सहकारी त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणू लागले.

व्ही. शांताराम, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी, फत्तेलाल आणि दामले या पाच भागीदारांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. सुरुवातीचे चित्रपट मूकच होते. पण १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा झळकला आणि मूकपटांचा बाजार पाहता पाहता बसला. प्रभातला बोलपटाकडे वळणे भाग पडले. ध्वनिमुद्रणाचे यंत्र मागवता येत होते. ते चालवणारा माणूस मात्र घरातच तयार व्हायला हवा होता. ती जबाबदारी दामले यांनी उचलली. ध्वनिमुद्रणाचे कोणतेही रीतसर शिक्षण नसताना, तीस वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडलेल्या पडदे रंगवणाऱ्याने ती घ्यावी, हे धाडसच म्हटले पाहिजे.

हे काम नेमके काय होते? मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करतो. त्या प्रवाहाने प्रकाश कमी-जास्त होतो आणि तो चित्राशेजारच्या सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर उमटतो. चित्रगृहात याच्या उलट क्रिया घडते. म्हणजे फिल्मवरचा आवाज हे एका अर्थी छायाचित्रच. या बारीक पट्टीत एकच ध्वनिमार्ग मावे. डिस्कच्या वेष्टनावर मोनो हा शब्द दिसतो, त्याचा अर्थ एवढाच, की आवाज एकाच वाटेने आला आहे. स्टिरिओत अशा दोन वाटा असतात. ५.१ मध्ये पुढे तीन, बाजूला वा मागे दोन आणि दशांश चिन्हानंतरचा एक म्हणजे सबवूफरचा मार्ग. हा सहावा मार्ग साधारण १२० हर्ट्झच्या खालच्या गडगडाटापुरता राखलेला आहे. डॉल्बी डिजिटल हे स्पीकरांच्या संख्येचे नाव नसून आवाज थोड्या जागेत साठवण्याच्या पद्धतीचे नाव आहे, आणि त्या पद्धतीत मोनो आवाजही साठवता येतो. त्यामुळे वेष्टनावर डॉल्बी डिजिटल छापलेले असूनही मागचे स्पीकर गप्प राहिले, तर कोणी फसवले असे मानण्याचे कारण नाही.

आवाजाच्या पट्टीने चित्राची जागाही खाल्ली. मूकपटाची चौकट फिल्मची जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापीत असे. बोलपटात ती अरुंद होऊन चौरसाकडे झुकली. अखेर १९३२ मध्ये अमेरिकेत १.३७ हे रुंदी-उंचीचे प्रमाण निश्चित झाले. दूरचित्रवाणीचा जुना ४:३ पडदा या चौकटीच्या अगदी जवळचा आहे. १६:९ च्या रुंद पडद्यावर मात्र बाजूला काळी जागा उरते. ती भरून काढण्यासाठी रिमोटवरील वाइड किंवा स्ट्रेच बटण दाबले, की तुकोबा नाहक स्थूल होतात. झूमचे दाबले, तर त्यांच्या पगडीचा माथा कापला जातो.

प्रभातचा पहिला बोलपट अयोध्येचा राजा १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांच्या त्यात भूमिका होत्या. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढल्या गेल्या आणि ध्वनिमुद्रण दामले यांनी केले. पार्श्वगायनाची पद्धत तोवर आलेली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता गात आणि वादक चौकटीबाहेर दडून साथ करीत. गळा, तबला, पावलांचा आवाज सारे एकदमच मुद्रित होई. कोणता आवाज पुढे आणि कोणता मागे, हे मायक्रोफोन कोठे टांगायचा यावरूनच ठरे. नंतर दुरुस्तीला फारसा वाव नसे. जुन्या चित्रपटाचा आवाज पुढे ५.१ मध्ये रूपांतरित केला जातो, तेव्हा एकत्र विणलेले हे धागे उसवून सहा दिशांना पांगवावे लागतात. ती कारागिरी कितीही कुशल असली, तरी ती दामले यांची नव्हे.

पूर्णा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील, मीटरगेज रेल्वेवरचे जंक्शन होते. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि ही स्थिती १९४८ पर्यंत टिकली. जेथे सरकारदरबारी मराठीला स्थान नव्हते, त्या मुलखातील मराठी माणसाला पडद्यावरून स्वच्छ मराठी ऐकू येणे किती मोलाचे असेल, याची कल्पना करता येते. शब्द कळलाच पाहिजे, हा ध्वनिमुद्रकाचा आग्रह अशा वेळी केवळ तांत्रिक राहत नाही.

कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. ध्वनिमुद्रणाची धुरा पुढे शंकरराव दामले यांच्याकडे गेली आणि विष्णुपंत फत्तेलाल यांच्यासह पुन्हा दिग्दर्शनाकडे वळले. या जोडीचा संत तुकाराम १९३६ मध्ये आला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले, गौरी यांनी त्यांची पत्नी रंगवली आणि केशवराव भोळे यांनी संगीत दिले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके जमले, की जाणकारांनाही ते तुकोबांचेच वाटले. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला. प्रभातचा इतिहास बहुधा शांतारामांच्या अंगाने सांगितला जातो. पण सर्वांत साधा आणि सर्वांत टिकाऊ चित्रपट या दोन अबोल कारागिरांचा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. गोपालकृष्ण (१९३८) आणि संत ज्ञानेश्वर (१९४०) हेही त्यांचेच.

या चित्रपटांच्या डिस्कबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. पाल पद्धतीच्या डिस्कवर तो बहुधा २५ च्या वेगाने चालवला जातो. परिणामी १३१ मिनिटांचा संत तुकाराम सुमारे १२६ मिनिटांत संपतो आणि पागनिसांचा स्वर किंचित चढतो. पेटी घेऊन सोबत गाऊ पाहणाऱ्याची पट्टी जुळत नाही, त्याचे कारण हे असू शकते.

खरखरीचा प्रश्न वेगळा. माणसाचा कान तरुणपणी २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. त्या काळच्या चित्रगृहांत ८,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोचतच नसे. नॉइज रिडक्शनचे बटण खरखर घालवते खरे, परंतु स, श, च या वर्णांची धारही त्याच पट्ट्यात असते आणि ती बोथट होते. हॉल, स्टेडियम असली बटणे तर नसलेला घुमारा निर्माण करतात. असे चित्रपट ऐकताना ती बंद ठेवून आवाज पुढच्या किंवा मधल्या एकाच स्पीकरवर येऊ द्यावा. अभंगाचे शब्द तत्काळ सुटे होतात.

शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले. दामले १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी वारले. यंत्रशाळेपासून हिशेबापर्यंत सर्वत्र नजर असलेला माणूस गेल्यावर भागीदारीचा सांधा निखळत गेला. १९५३ मध्ये कंपनी बंद पडली. १९६० मध्ये त्याच जागेत केंद्र सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था उभी राहिली. जानेवारी २००३ मध्ये त्या आवारातील साठवणगृहाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला; त्यात प्रभातच्याही फिल्म होत्या. म्हणून डिस्क विकत घेताना रिस्टोअर्ड आणि रीमास्टर्ड यांतील फरक पाहावा. रिस्टोअर्ड म्हणजे उपलब्ध उत्तम फिल्म शोधून ओरखडे, डाग, तुटलेल्या चौकटी सुधारणे. रीमास्टर्ड म्हणजे हाती असलेल्या प्रतीवरून नवी डिजिटल प्रत काढणे; ती हाती असलेली प्रत स्वतःच तिसऱ्या-चौथ्या पिढीची असू शकते.